जेवण नेहमीचे, गोळीही नेहमीची; मग त्रास कशाने?

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे

या महिन्याच्या टपालात एक शंका वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आली आहे. एखादा पदार्थ वर्षानुवर्षे पचतो, एखादे औषधही निर्धोक घेतले जाते आणि तरीही एखाद्या दिवशी ही दोन्ही एकत्र आली की जिवावर बेतते, असे खरोखर घडते का? घडते, पण प्रत्येक वेळी त्यामागचे कारण एक नसते. काही वेळा ती खरी ॲलर्जी असते, काही वेळा हुबेहूब ॲलर्जीसारखा दिसणारा निराळाच प्रकार असतो आणि काही वेळा नुसती अफवा असते. तिन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे पत्रांना स्वतंत्रपणे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: माझे वय ४४ आहे. रविवारी सकाळी आम्ही काही मित्र अजिंक्यतारा चढून जातो. मागच्या महिन्यात गुडघा दुखत होता म्हणून घरून निघताना तीन चपात्या आणि भाजी खाऊन आयब्युप्रोफेनची एक गोळी घेतली. अर्धा चढ झाल्यावर तळहातांना खाज सुटली, मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊन मी खाली बसलो. मित्रांनी कसेबसे घरी आणले. पित्त उठले असेल म्हणून आईने आमसुलाचा कोळ अंगाला चोळला आणि दोन-तीन तासांनी बरे वाटले. त्यानंतर चपाती मी रोज खातो, काही होत नाही. तीच गोळी एकदा दाढदुखीसाठी रात्री भात खाऊन घेतली, तेव्हाही काही झाले नाही. मग त्या दिवशी नेमके काय झाले? – एक वाचक, सातारा

उत्तर: आपण पत्रात ‘भात खाऊन’ एवढे दोन शब्द लिहिलेत, हे फार बरे झाले, कारण निदानाची दिशा त्यातूनच मिळते. आपण वर्णन केलेला प्रकार गव्हाच्या ॲलर्जीच्या एका विशिष्ट रूपाशी जुळतो. या रूपात नुसता गहू खाल्ल्याने सहसा काही होत नाही. गहू पोटात असताना व्यायाम झाला, किंवा वेदनाशामक गोळी घेतली गेली, किंवा दोन्ही एकदम घडले, की मात्र शरीरभर तीव्र प्रतिक्रिया उमटते. वैद्यकात तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. अन्न आणि व्यायाम यांच्या अशा जोडीची पहिली नोंद १९७९ साली अमेरिकेत झाली. तो रुग्ण धावपटू होता आणि धावण्याआधी त्याने कवचधारी जलचर खाल्ले होते. गव्हातील दोषी प्रथिन फिनलंडमधील संशोधकांनी १९९९ मध्ये ओळखले. त्याचे नाव ओमेगा-५ ग्लायाडिन.

बँकेतील लॉकर उघडायला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन चाव्या लागतात. एकट्या चावीने तो उघडत नाही. येथे गहू ही एक चावी आणि गोळी किंवा चढण ही दुसरी. आपल्या रक्तात या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तयार झालेली असतात, पण एरवी अन्नातून रक्तात पोहोचणारा प्रथिनाचा अंश इतका थोडा असतो की त्वचेतील आणि आतड्यांतील मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे घडवणाऱ्या पेशी, शांत राहतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी औषधे आतड्याचे अस्तर अधिक पारगम्य करतात, त्यामुळे अर्धवट पचलेले प्रथिन जास्त प्रमाणात आत शिरते. शिवाय मास्ट पेशींना लगाम घालणारे एक प्रोस्टाग्लँडिन शरीर सतत तयार करीत असते, त्याची निर्मितीही ही औषधे रोखतात. त्यात भर चढणीची पडली. आपल्या बाबतीत त्या सकाळी तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या होत्या. रोजच्या चपातीच्या वेळी आणि त्या रात्रीच्या भाताच्या वेळी त्या जुळल्या नव्हत्या, एवढाच फरक.

म्हणून ‘नंतर खाऊन पाहिले, काही झाले नाही’ या अनुभवावर गव्हाला किंवा गोळीला निर्दोष ठरवता येत नाही. या प्रकारात रुग्ण वर्षानुवर्षे निदानाविना राहतात, याचे मुख्य कारण हेच आहे. मद्य, ताप, अपुरी झोप, मासिक पाळीचे दिवस आणि कडकडीत गरम पाण्याची अंघोळ यादेखील पूरक गोष्टी ठरू शकतात. त्यामुळे प्रत्येक झटक्याचा संदर्भ वेगळा दिसतो आणि घरची मंडळी प्रत्येक वेळी निराळ्या गोष्टीवर खापर फोडतात.

आता पुढे काय करावे, ते सांगतो. ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन ओमेगा-५ ग्लायाडिनविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी करून घ्यावी. गव्हाच्या साध्या अर्काने केलेली त्वचेवरील चाचणी या प्रकारात पुष्कळदा नकारार्थी येते आणि त्यामुळे रुग्णाला चुकीचा दिलासा मिळतो, तेव्हा या प्रथिनाचे नाव सांगून विचारावे. त्वचाचाचणी करायची असेल, तर झटक्यानंतर काही आठवडे थांबावे आणि सेट्रिझिनसारख्या गोळ्या चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्यात. चपाती, गोळी आणि चढण यांचा ‘प्रयोग’ घरी किंवा गडावर करून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. असा प्रयोग रुग्णालयातच, शिरेत सुई घालून ठेवून आणि औषधे हाताशी ठेवून करायचा असतो.

निदान पक्के होईपर्यंत परिश्रमाआधी किमान चार ते सहा तास गव्हाचे काहीही खाऊ नये. रविवारी पहाटे गड चढायचा असेल, तर रात्री ज्वारीची भाकरी किंवा भात खावा. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत हे प्रथिन नसते. जव आणि राय या धान्यांत मात्र त्याचे भाऊबंद असतात. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून सध्या महाग विकला जातो, परंतु ॲलर्जीच्या दृष्टीने तोही गहूच आहे आणि त्याला सूट देऊ नये. रवा, मैदा, शेवया आणि पाव हे उघड शत्रू आहेत. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फोडणीत पडणाऱ्या चिमटीने झटका येण्याची शक्यता कमी आहे, पण निदान झाल्यावर डबीवरील घटक वाचण्याची सवय लावून घ्यावी. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टित अन्नावर गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांचा उल्लेख बंधनकारक आहे. हलवायाकडून सुटे आणलेल्या मालावर अर्थातच असे काही लिहिलेले नसते.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. त्याने भागत नसेल, तर निवडक परिणाम करणारी दुसरी औषधे डॉक्टर तपासून देऊ शकतील. सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दडलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या वाचकांनी हे वाचून गोळी आपल्या मनाने थांबवू नये. असा त्रास झाला असेल तर तो हृदयरोगतज्ज्ञाच्या कानावर घालावा.

आमसुलाच्या कोळाबद्दल माझी तक्रार नाही. साध्या पित्ताच्या गांधींची आग त्याने शमते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. परंतु ओठ सुजून अंधारी आलेल्या माणसाला घरी आणून कोळ चोळणे म्हणजे त्याचा जीव नशिबावर सोडणे होय. आपण त्या दिवशी थोडक्यात वाचलात. आणि निदान होईपर्यंत गडावर एकटे जाऊ नये.

प्रश्न: माझ्या वडिलांना क्षयरोगाच्या गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला आहे. परवा दुपारी बांगड्याची कढी आणि भात जेवल्यावर अर्ध्या तासात त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली आणि अंग घामाने भिजले. आम्ही सगळ्यांनी तेच जेवण घेतले होते. मला फक्त किंचित चेहरा गरम झाल्यासारखे वाटले. वडील जन्मभर मासे खात आले आहेत. त्यांना आता माशांची ॲलर्जी झाली का? शेजारी म्हणतात की गोळ्या बंद करा. – एक वाचक, मालवण

उत्तर: गोळ्या बंद करू नका, हे सर्वांत आधी. वर्णनावरून ही ॲलर्जी वाटत नाही, ही हिस्टामिनची विषबाधा वाटते आणि क्षयरोगाच्या औषधाने ती वाढवली असावी.

बांगडा, कुपा, तारली, सुरमई अशा लालसर मांसाच्या माशांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यापासून चुलीवर चढेपर्यंत बर्फात नीट राहिला नाही, तर जिवाणू या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. ॲलर्जीच्या झटक्यात आपल्याच पेशी जो पदार्थ सोडतात, तोच येथे ताटातून थेट पोटात जातो, म्हणून लक्षणे इतकी सारखी दिसतात. हिस्टामिन एकदा तयार झाले की उकळून, तळून किंवा कोकम घालून ते नाहीसे होत नाही, आणि अशा माशाला वास येतोच असेही नाही. क्वचित जिभेला तिखट, चरचरीत चव जाणवते. मालवणी तिखटात ती कशी कळणार, हा प्रश्नच आहे.

निरोगी माणसाच्या आतड्यांत हिस्टामिन मोडणारी विकरे (एन्झाइम) असतात, त्यामुळे थोड्या प्रमाणाने फारसे बिघडत नाही. आपल्याला नुसता चेहरा गरम वाटला तो त्यामुळेच. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड हे औषध नेमक्या याच विकरांचे काम रोखते. परिणामी जो मासा घरच्यांना पचला, तोच वडिलांना बाधला. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात कुप्यासारखे मासे खाणाऱ्या क्षयरुग्णांमध्ये अशाच घटनांची नोंद केली आहे. आपल्या किनाऱ्यावर मासे रोजच्या ताटात असतात आणि क्षयरोगही कमी नाही, तेव्हा गोळ्या सुरू करतानाच हे सांगितले जायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात ‘पौष्टिक खा, मासे-अंडी खा’ एवढेच सांगितले जाते.

हे ॲलर्जी नसल्याचा एक आधार आपल्याच पत्रात आहे: त्याच ताटातले जेवण जेवलेल्या दुसऱ्या माणसालाही सौम्य का होईना, तसाच त्रास झाला. ॲलर्जी सहसा एकट्यालाच गाठते. शिवाय वडिलांना पुढे कधी ताजा, बर्फातला मासा काही न होता पचला, तर हे निदान आणखी पक्के होते. या त्रासावर हिस्टामिनविरोधी गोळी चांगली लागू पडते आणि बहुतेकांना काही तासांत, फार तर दिवसभरात आराम पडतो. तरीही श्वास लागला, रक्तदाब उतरला किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे. वय झालेल्या हृदयाला ही धडधड सोसवेलच असे नाही.

उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि आयसोनियाझिड त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत असते. तेवढा काळ वडिलांच्या ताटात बांगडा, कुपा, तारली आणि खारवलेले, सुकवलेले मासे नसावेत. मुरवलेल्या चीजमध्येही हिस्टामिन आणि त्याच्यासारखा टायरामिन असल्याने तेही टाळावे. पापलेटसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशांत हिस्टिडिन कमी असते. ते ताजे मिळाले तर जरूर द्यावेत, कारण या आजारात प्रथिनांची गरज असतेच. मासळी बाजारातून आणताना बर्फ मागून घ्यावा, ऊन चढल्यावर उरलेला स्वस्त वाटा उचलू नये आणि घरी आणल्याबरोबर साफ करून शीतकपाटात ठेवावी. हा सारा प्रसंग उपचार केंद्रातील डॉक्टरांनाही सांगावा. याच गोळ्यांची खरी ॲलर्जीही काहींना होते. ताप, अंगभर पुरळ किंवा कावीळ दिसली, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न: कोळंबी खाल्ल्यावर व्हिटॅमिन सीची गोळी घेतली की पोटात आर्सेनिक तयार होऊन माणूस दगावतो, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. तसेच मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड फुटते, हे खरे का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर: दोन्हीला आधार नाही. कोळंबीत असलेले आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असते आणि ते तसेच लघवीवाटे निघून जाते. व्हिटॅमिन सीच्या नेहमीच्या मात्रेने त्याचे विष होत नाही. कोळंबीवर लिंबू पिळून खाणाऱ्या कोकणाने ही गोष्ट केव्हाच सिद्ध केली आहे. दूध आणि मासे यांचा संयोग आयुर्वेदाने विरुद्ध आहारात मोजला आहे आणि ज्यांना तो पाळायचा आहे त्यांनी तो जरूर पाळावा. परंतु त्याने कोड होते असे आधुनिक वैद्यकाला आढळलेले नाही. ज्याला दुधाची किंवा माशाची ॲलर्जी आहे, त्याला ती दोन्ही वेगवेगळी खाल्ली तरी भोवणारच. गंमत अशी, की कोळंबीची खरी धोकादायक जोडी वेदनाशामक गोळीशी असू शकते आणि तिच्याविषयी एकही संदेश फिरत नाही.

प्रश्न: आईला पाच वर्षांपासून रक्तदाबासाठी रामिप्रिल चालू आहे आणि अलीकडे मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिन सुरू झाले. दोनदा सकाळी उठल्यावर तिचा ओठ आणि जिभेची एक बाजू सुजली. खाज नव्हती, गांधीही नव्हत्या. पहिल्या वेळी आदल्या रात्री शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती म्हणून शेंगदाणे बंद केले, दुसऱ्या वेळी वांगे बंद केले. आता ती काय खाईल, हेच कळेनासे झाले आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर: शेंगदाणे आणि वांगे यांच्यावर बहुधा अन्याय होतो आहे. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातील औषधांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन हे सूज आणणारे द्रव्य साठते आणि हजारात साधारण एक ते सात जणांना ओठ, जीभ किंवा घसा सुजण्याचा त्रास होतो. खाज नसणे आणि गांधी नसणे, ही त्याची मोठी खूण आहे. हा त्रास औषध सुरू केल्याबरोबरच व्हावा असा नियम नाही. तो काही वर्षांनीही उद्भवतो आणि म्हणूनच पाच वर्षे सोसलेल्या गोळीवर कोणाचा संशय जात नाही, संशय जातो तो आदल्या रात्रीच्या भाजीवर. व्हिल्डाग्लिप्टिन या गटासोबत घेतल्यास हा धोका आणखी वाढतो, असे आढळले आहे. तेव्हा ‘अलीकडे सुरू झाले’ हे आपले शब्द डॉक्टरांसमोर मुद्दाम वाचून दाखवावेत.

डॉक्टरांना आजच भेटावे. बहुधा ते रामिप्रिल थांबवून टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गटातील औषध देतील. गोळी बंद केल्यावरही काही आठवडे अधूनमधून सूज येऊ शकते, त्याने गोंधळून जाऊ नये. या सुजेवर हिस्टामिनविरोधी गोळ्या आणि स्टेरॉइड फारशी कामी येत नाहीत. जीभ सुजून बोलणे जड झाले, आवाज बदलला किंवा लाळ गिळता येईना, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, कारण तेथे श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची तयारी असते.

याच निमित्ताने बीटा-ब्लॉकर गटाविषयीही सांगून ठेवतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला अन्नाची किंवा मधमाशीच्या दंशाची खरी तीव्र ॲलर्जी झाली, तर तिचा मुख्य उपाय असलेले ॲड्रिनलिन तितकेसे लागू पडत नाही. अशा वेळी रुग्णालयात ग्लुकॅगॉन हे दुसरे औषध द्यावे लागते. ज्यांना अशी ॲलर्जी असल्याचे ठाऊक आहे, त्यांनी रक्तदाबाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. आपल्याकडे हृदयाचे डॉक्टर वेगळे, त्वचेचे वेगळे आणि दोघांच्या फायली वेगळ्या पिशव्यांत असतात.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात उरलेल्या भाजणीची थालीपिठे केली होती. खाल्ल्यावर तासाभरात माझे डोळे सुजून बंद झाले, नाक वाहू लागले आणि दमा उठला. तीच भाजणी मी दरवर्षी खाते. मला धुळीची ॲलर्जी आहे आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांनी पूर्वी पापण्या सुजल्या आहेत. यांचा परस्परांशी संबंध आहे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: संबंध असू शकतो आणि आपण तिन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यात म्हणून तो दिसतो. दमट हवेत उघड्या किंवा सैल झाकणाच्या डब्यातील पिठात धुळीत असणारेच सूक्ष्म कोळीकीटक वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पिठाला जाळी धरणारे पोरकिडे वेगळे आणि चाळणीने ते निघाले म्हणजे पीठ शुद्ध झाले असे होत नाही. कीटकांतील ॲलर्जी उत्पन्न करणारी काही प्रथिने तव्यावरच्या उष्णतेतही टिकतात. व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांचे वर्णन केले तेव्हा त्यांना एक जुळणी आढळली. धुळीच्या कीटकांची ॲलर्जी, पिठाचे पदार्थ खाल्ल्यावर येणारा झटका आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचे वावडे ही तिन्ही एकाच व्यक्तीत असण्याचे प्रमाण त्यांच्याकडे लक्षणीय होते. गोवा आणि कोकणाची पावसाळी हवा या प्रकाराला अगदी पोषक आहे.

ॲलर्जीतज्ज्ञांना ही तीन सूत्रे सांगून धुळीच्या कीटकांची चाचणी करून घ्यावी. खाल्लेल्या पिठाचा थोडा नमुना शिल्लक असेल, तर तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, तेव्हा चिडून कचऱ्यात टाकण्याआधी थोडा बाजूला काढून ठेवावा. यापुढे पावसाळ्यात पीठ आणि भाजणी थोडी थोडीच दळून आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून शीतकपाटात ठेवावी. डोकेदुखीसाठी कोणती गोळी निर्धोक आहे, ते तपासून घेईपर्यंत दुकानातून आपल्या मनाने काहीही आणू नये.

प्रश्न: माझ्या मुलाला लग्नात जेवल्यानंतर अंगावर पित्त उठले, उलट्या झाल्या आणि श्वास लागला. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात घरी पाठवले. रात्री पुन्हा तसेच झाले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. असे का झाले? माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिने पेनासारखे एक इंजेक्शन आणून दिले आहे, ते वापरावे का? – एक वाचक, लातूर

उत्तर: पहिल्या दवाखान्यात बहुधा हिस्टामिनविरोधी औषध आणि कदाचित स्टेरॉइड दिले गेले असावे. आपल्याकडे हा पायंडा इतका रूढ आहे की ‘ॲव्हिल दिले’ म्हणजे उपचार झाले, असे अनेकांना वाटते. त्याने खाज आणि गांधी कमी होतात. पण खाली गेलेला रक्तदाब त्याने वर येत नाही आणि आखडलेला श्वासमार्गही मोकळा होत नाही. या अवस्थेत जीव वाचवणारे औषध एकच आहे, ते म्हणजे ॲड्रिनलिन, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत दिलेले. प्रौढांसाठी मात्रा साधारण अर्धा मिलिग्रॅम, मुलांसाठी वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम; पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही, तर ती पुन्हा देतात. एक मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत ते मिळते, किंमत थोडी असते आणि कोणत्याही लहान दवाखान्यात ते असायलाच हवे. ‘हृदयाला झेपणार नाही’ या भीतीने अनेक डॉक्टर ते द्यायला कचरतात, हे मी खेदाने लिहीत आहे. स्नायूत दिलेल्या योग्य मात्रेचा धोका हा उशिराच्या धोक्यापुढे अगदी किरकोळ आहे.

रात्री पुन्हा झाले त्याचे कारण असे, की पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी, काहीही न खाता, दुसरी लाट येऊ शकते. म्हणून तीव्र झटक्यानंतर रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवायचे असते. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत मास्ट पेशींतून सुटणारे ट्रिप्टेज रक्तात मोजले तर तो खरोखर ॲनाफिलॅक्सिस होता का, हे ठरवायला मदत होते; दुसऱ्या दिवशी ही संधी गेलेली असते.

न्यू जर्सीहून आलेले पेन बहुधा ॲड्रिनलिनचेच असावे आणि तसे असेल तर ते उपयोगाचे आहे, पण ते आपल्या डॉक्टरांना दाखवून मुलाच्या वजनाला त्यातील मात्रा योग्य आहे का, हे आधी विचारावे. त्यावरील मुदत पाहावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते गाडीच्या कप्प्यात किंवा खिडकीशी ठेवू नये, तसेच फ्रीजरमध्येही ठेवू नये. अशी पेने भारतात सहज मिळत नाहीत, त्यामुळे ज्यांना ती मिळणार नाहीत, त्यांनी डॉक्टरांकडून कुपी आणि सुई वापरण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे आणि दोन घरांत तरी त्या कुप्या असाव्यात.

झटका आला की मुलाला आडवे करून पाय उंचावर ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, पण एकदम उभे करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नये. रक्तदाब उतरलेल्या माणसाला उभे करण्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. ॲड्रिनलिन दिल्यावर १०८ ला फोन करावा, आधी फोन आणि मग शोधाशोध असे करू नये. घरात दोन माणसे असतील तर दोन्ही कामे एकदम करावीत.

आणि त्या लग्नात मुलाने काय खाल्ले, यासोबत त्या दिवशी त्याला तापाची किंवा अंगदुखीची गोळी दिली होती का, जेवणानंतर तो वरातीत नाचला होता का, हेही आठवून लिहून काढावे. आपल्या पत्रात फक्त पदार्थांची यादी आहे.

प्रश्न: मेडिकलमधून पट्टी कापून दोन-तीन सुट्या गोळ्या घ्यायची सवय आहे. त्रास झाल्यावर गोळीचे नावच सांगता येत नाही. यावर काय करावे, आणि असा त्रास कुठे कळवता येतो का? – एक वाचक, जळगाव

उत्तर: कापलेल्या तुकड्यावर नाव आणि मुदत नसेल, तर दुकानदाराकडून पट्टीचा तो भाग दाखवून घेऊन मोबाइलवर फोटो काढावा आणि बिल मागावे. त्रास झाल्यास उरलेली गोळी, पाकीट आणि त्याआधीच्या सहा तासांत खाल्लेल्या पदार्थांची यादी डॉक्टरांकडे न्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडून देशाचा औषध-सतर्कता कार्यक्रम चालवला जातो आणि त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत या कार्यक्रमाची केंद्रे असून तेथेही अर्ज भरून देता येतो. अर्जात औषधांसोबत अन्नाचा उल्लेख करायला वेगळा रकाना नसला, तरी घटनेच्या वर्णनात तो स्वतःहून लिहावा.